कातलेल्या लाकडावर नक्षी करायला कमी खर्चात कुठलं मशीन घ्यावं: डेंटल मायक्रोमोटर, सोनाराची मोटर की रोटरी टूल?

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं सगळं वाचत बसायला नको. लेथवर (लाकूड फिरवत कातायच्या मशीनवर) कातलेल्या वाटीवर, कुंकवाच्या करंड्यावर, छोट्या फुलदाणीवर नक्षी करायची आहे आणि बजेट पाच-सात हजारांचं आहे, तर दाताच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये असतो तो मायक्रोमोटर घ्या. खोल कोरीवकाम, शिसवासारखं कडक लाकूड, मोठे बाऊल असं काही डोक्यात असेल तर सोनार लोक टांगून वापरतात ती फ्लेक्स शाफ्टवाली (लवचिक नळीची) मोटर घ्या. आणि ऑनलाइन सर्च केलं की सगळ्यात आधी जे दिसतं, ते पेटीत शंभर-दोनशे तुकडे भरलेलं रोटरी टूल, ते या कामासाठी तिसऱ्या नंबरवर ठेवा. का ते खाली सविस्तर लिहितोय कारण जे व्हिडिओ बघून आपण शिकतो ते बहुतेक अमेरिका-इंग्लंडचे, त्यातली मशीन इथे एक तर मिळत नाहीत किंवा ज्या किमतीत मिळतात त्यात इथे अख्खा छोटा लेथ येतो.

मी कोल्हापूरचा, घरच्या शेडमध्ये छोटा लेथ आहे, नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी कातकाम करतो. सागवान, शिसव, हळदू, आंबा, फणस, जे तुकडे मिळतील ते. पोळपाट-लाटणी आणि देव्हाऱ्याचे खांब करणारे कातारी आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, लेथवर लाकूड फिरत असताना पटाशीने घाट काढायचे आणि कंगोरे पाडायचे यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, पण कातून झालेल्या वस्तूवर नंतर पानं, वेल, जाळी, टिंबांची नक्षी करायची म्हटलं की ते काम वेगळं आणि त्याला मशीनही वेगळं लागतं.

मशीन निवडताना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा असा. मूर्ती कोरणारा माणूस ठोकळ्यातून सुरुवात करतो, त्याला किलोकिलोने लाकूड काढायचं असतं. आपलं तसं नाही. आपला जाड लाकूड काढायचा भाग लेथने आधीच करून टाकलेला असतो, हातात वस्तू येते तेव्हा तिचा आकार पक्का झालेला असतो आणि नक्षीसाठी वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थरच काय तो शिल्लक असतो. म्हणजे आपल्याला ताकदीपेक्षा ताबा जास्त हवा. त्यातून पृष्ठभाग गोल, हात टेकवायला सपाट जागा नाही, आणि बाऊल आडव्या रेषांच्या (तंतूंच्या) लाकडाचा असेल तर एका फेरीत दोनदा लाकडाची रेष आडवी येते आणि दोनदा तिची टोकं समोर येतात, जिथे टोकं समोर येतात तिथे बिट (मशीनच्या टोकाला लावायचं, फिरून कापणारं हत्यार) एकदम वेगळं वागतं, कडक लागतं, मध्येच उडी मारतं. अशा वेळी जड मशीन हातात असेल तर एक रेघ वाकडी गेली की सगळा घाट बिघडतो, आणि लेथवर परत चढवून ती रेघ घालवायची म्हणजे भिंत आणखी पातळ होणार.

आता एकेक मशीन घेऊ.

रोटरी टूल म्हणजे ड्रेमेल आणि त्याच्या सारखी दिसणारी सगळी मंडळी. ड्रेमेल ही १९३२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली कंपनी, १९९३ पासून बॉशकडे आहे, आणि तिचं मशीन चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. ३००० हे मॉडेल १३० वॉटचं, वजन साधारण अर्धा किलो, ४००० त्याहून ताकदवान, १७५ वॉटचं, मिनिटाला ५,००० पासून ३५,००० फेऱ्यांपर्यंत वेग कमी-जास्त करता येतो. घरात कापायला, घासायला, भोकं पाडायला, टाइलचा कोपरा घालवायला, सायकलची केबल कापायला असं दहा कामांना एक मशीन हवं असेल तर हेच घ्या, मी पण हेच सांगेन. पण नक्षीचं काम तास-दीड तास एका जागी बसून चालतं आणि मोटरच मुठीत असल्यामुळे पेनासारखं धरता येत नाही, आपली बोटं टोकापासून लांब राहतात, आणि जितकी बोटं लांब तितका ताबा कमी. यावर उपाय म्हणून त्याचाच फ्लेक्स शाफ्ट मिळतो, २२५ नंबरचा, तो लावून मशीन वर टांगलं की काम बरंच सुधारतं. म्हणजे ज्यांच्याकडे ड्रेमेल आधीच आहे त्यांनी नवीन मशीन घेण्याआधी हा शाफ्ट घ्यावा, दोन-चार महिने त्यावर काम करून बघावं.

हजार-दीड हजाराची बिनानावाची रोटरी टूल येतात त्यांच्याबद्दल मात्र सावध करतो. माझ्याकडे असलं एक होतं, कॉलेट (बिटाची दांडी आवळून धरणारा भाग) नीट गोल नसल्यामुळे बिट डगमगायचं, वरून कमी वेगावर टाकलं की ताकदच जायची. डगमगणारं बिट लाकूड कापत नाही, ते आपटत जातं, कडेला तुसं निघतात, हातातल्या थरथरीने बोटं बधिर होतात. पेटीतले ते शंभर-दोनशे तुकडे बघून मोह होतो पण त्यात लाकडावर कोरायला उपयोगी असे तीन-चार असतील तर नशीब, बाकी कापायच्या चकत्या, फेल्टची गोंडं आणि घासायचे दगड, जे धातूसाठी असतात आणि लाकडावर टेकवले की लाकूड नुसतं जळतं.

आता सोनाराची मोटर. ही मोटर हुकाला टांगलेली असते, तिच्यातून एक लवचिक नळी खाली येते, नळीच्या टोकाला हातात धरायचा हँडपीस, आणि वेग पायातल्या पॅडलवर. या प्रकारात अमेरिकेच्या फोरडमचं नाव मोठं आहे, कंपनी शंभर वर्षांहून जुनी, त्यांचं एसआर मॉडेल १८,००० फेऱ्यांचं आणि १/६ हॉर्सपॉवरचं, कामाला दणकट, पण किंमत हौशी माणसाला झेपेल अशी नाही. सोय अशी की सोन्या-चांदीच्या कारागिरांना तीच वस्तू रोज लागते म्हणून तिच्या देशी आणि चिनी आवृत्त्या त्यांच्या बाजारात सहज मिळतात. आमच्याकडे गुजरीच्या आसपास सोनारकामाच्या हत्यारांची दुकानं आहेत, चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हुपरी तर इथून जवळच. पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या बाजूला आणि मुंबईत झवेरी बाजारात शोधा. ऑनलाइनपेक्षा असल्या दुकानात घेण्याचा फायदा हा की ते मोटर चालू करून दाखवतात, हँडपीस हातात घेऊन बघता येतो, आणि पुढे शाफ्ट तुटला किंवा कार्बन ब्रश (मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे तुकडे) संपले की तिथेच सुटे मिळतात. साधारण तीन ते पाच हजारात काम होतं.

या मोटरचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे पायातलं पॅडल. एका हातात बाऊल, दुसऱ्या हातात हँडपीस, वेग कमी-जास्त करायला कुठलाही हात सोडायला नको, बिट अवघड जागी गेलं की पाय उचलायचा. दुसरं म्हणजे कमी वेगावरही जोर राहतो, त्यामुळे मोठं गोल बिट लावून शिसवाच्या काठावर खोल पन्हळी पाडता येतात, मायक्रोमोटर तिथे दमतो. ३० नंबरचा हँडपीस मागा, त्याला चावीने आवळायचा चक (बिटाची पकड) असतो आणि ४ मिलिमीटरपर्यंत कुठल्याही जाडीची दांडी बसते, म्हणजे दाताची, सोनाराची, ड्रेमेलची सगळी बिटं चालतात.

तोटे पण आहेत. नळी मनगटाला सतत ओढत राहते, आणि करंड्याच्या झाकणावर बारीक टिंब द्यायचं असतं तेव्हा ती ओढ जाणवते. नळीला काटकोनात वाकवलं तर आतला शाफ्ट गरम होतो आणि लवकर तुटतो, म्हणून मोटर उंच टांगा, नळीचा बाक मोठा आणि सैल राहू द्या. आतला शाफ्ट पन्नासेक तासांनी बाहेर काढून, पुसून, थोडं ग्रीस लावून परत घालायचा, ग्रीस जास्त झालं तर ते वितळून हँडपीसमधून लाकडावर येतं आणि सागवानावर पडलेला तो डाग सहजासहजी निघत नाही.

आणि आता मायक्रोमोटर, ज्याला मी पहिला नंबर दिलाय. यात एक छोटा कंट्रोल बॉक्स असतो, त्यातून साधी पातळ वायर निघते आणि मोटर थेट हँडपीसमध्येच असते, हँडपीस जाड मार्कर पेनाएवढा. नळी नाही, ओढ नाही. कोरियाच्या सेयांग कंपनीचा मॅरेथॉन हा यातला सगळ्यात माहितीचा, ३५,००० फेऱ्यांचा, कोरियाचाच सेशिन कंपनीचा स्ट्राँग पण तसाच चांगला. दोन्ही मुळात दाताच्या लॅबसाठी, पण नखांची पार्लर, सोनार, पक्ष्यांच्या लाकडी प्रतिकृती कोरणारे, सगळे हेच वापरतात. डेंटल साहित्याच्या दुकानात जा, तिथे मिळतं. मॅरेथॉनची हुबेहूब नक्कल पण खूप विकली जाते, डब्यावर नाव तेच, रंग तोच, म्हणून दुकानदाराकडून बिल घ्या आणि वॉरंटी कोण देतंय ते बिलावर लिहून घ्या. नक्कल घेतली तरी चालते का? माझं मत, चालते, पण हँडपीस किती गरम होतो ते बघून. दुकानातच दहा मिनिटं मध्यम वेगावर चालू ठेवायला सांगा, धरवत नाही इतका तापला तर तो नको, कोमट झाला तर ठीक.

या मशीनवर पहिल्यांदा बारीक रेघ मारून बघितली की फरक कळतो. बोटं टोकाच्या अगदी जवळ, थरथर जवळजवळ नाही, हळदूच्या करंड्यावर एक मिलिमीटरचं गोल बिट घेऊन आपण शाळेत कागदावर पेन्सिलने वेल काढायचो तशी वेल काढता येते. करंगळी आणि अनामिका लाकडावर टेकवून ठेवायची, बिट स्वतःकडे ओढत काम करायचं. मशीन सरळ फिरत असताना बिट पुढे ढकललं की ते पळायला बघतं, स्वतःकडे ओढलं की ताब्यात राहतं, हे गणित एकदा हाताला कळलं की निम्मं काम सोपं होतं.

मायक्रोमोटरला उलटं फिरवायचं बटण असतं, त्याचा लाकडावर खरंच उपयोग होतो. पानाच्या एका कडेला लाकडाची रेष सोयीची असते, दुसऱ्या कडेला ती उलटी येते आणि तुसं निघतात, तिथे फिरण्याची दिशा बदलून दुसऱ्या बाजूने ओढलं की कडा साफ येते. फक्त दोन गोष्टी. दिशा बदलताना मशीन पूर्ण थांबलेलं पाहिजे, फिरत असताना बटण दाबलं तर सर्किटला मार बसतो. आणि उलटी दिशा डायमंडच्या बिटांना चालते, कार्बाइडच्या दातेरी बिटांना नाही, कारण त्यांचे दाते एकाच बाजूला धारेचे असतात, उलटे फिरवले की नुसते घासतात आणि लाकूड काळं पडतं.

जोर दाबून काम करायची सवय असणाऱ्याने मात्र हे घेऊ नये. दाबलं की हे थांबतं, ओव्हरलोडचा दिवा लागतो, आणि वारंवार असं केलं की मोटर जाते. याचं काम हलक्या हाताने, पुन्हा पुन्हा त्याच रेघेवरून जाऊन, थोडं थोडं काढत. चक फिरवून उघडताना मशीन बंदच हवं, आणि काम संपलं की चकमध्ये एक बिट किंवा सोबत आलेली दांडी लावूनच ठेवा, रिकामा चक आवळून ठेवला की त्याची पकड बिघडते.

दांडीच्या जाडीचा घोळ आधीच समजून घ्या कारण यात पैसे वाया जातात. डेंटल आणि सोनारकामाची बरीच बिटं २.३५ मिलिमीटरच्या दांडीची, ड्रेमेलची ३.२ ची, आणि बरीच चिनी बिटं ३ मिलिमीटरची असतात. मायक्रोमोटर बहुतेक २.३५ चाच असतो. ३ ची दांडी ३.२ च्या कॉलेटमध्ये आवळली की बसल्यासारखी वाटते पण वेगात डगमगते, हे करू नका. ड्रेमेलवर डेंटल बिटं लावायची असतील तर ४८१ नंबरचा कॉलेट वेगळा घ्या, तो त्याच जाडीचा आहे.

खरं सांगायचं तर मशीनपेक्षा बिटांवर जास्त विचार करायला हवा. बजेट सात हजार असेल तर पाच मशीनला आणि दोन बिटांना असं धरा. सुरुवातीला फार नको. टंगस्टन कार्बाइडचं एक निमुळतं, ज्वालेच्या आकाराचं, पानं आणि पन्हळींसाठी. एक गोल, दोन-तीन मिलिमीटरचं. एक उलटा शंकू, म्हणजे टोकाला रुंद आणि दांडीकडे निमुळतं, नक्षीच्या भोवतीची जमीन खाली घ्यायला आणि पानाच्या कडेखाली सावली पाडायला. आणि सोनारांची एक-दीड मिलिमीटरची गोल स्टीलची बिटं, स्वस्त असतात, धार गेली की टाकून द्यायची. डायमंड बिटांना दांडीवर रंगीत पट्टा असतो, हिरवा म्हणजे जाड, लाल म्हणजे बारीक, पिवळा आणखी बारीक. डायमंड लाकूड कापत नाही, घासतं, म्हणून ते शेवटच्या सफाईसाठी. सागवानात तेल असतं, डायमंड बिट त्यात लगेच भरतं आणि मग घासण्याऐवजी जाळायला लागतं, मग ते पितळी ब्रशने साफ करायचं किंवा थिनरमध्ये थोडा वेळ भिजवून ठेवायचं, क्रेप रबरच्या तुकड्यावर फिरवलं तरी बऱ्यापैकी निघतं.

सोनारांकडचं एक बिट लाकूडवाल्यांना फारसं माहीत नाही, ते म्हणजे कप बर्र, टोकाला वाटीसारखी खोलगट. खड्याच्या पकडीची टोकं गोल करायला ते वापरतात. हळदूसारख्या दाट, बारीक रेषेच्या लाकडावर हळू वेगात ते उभं टेकवलं की छोटा गोल मणी उठून येतो, करंड्याच्या झाकणाभोवती अशा मण्यांची ओळ फार सुंदर दिसते. सागवानावर आणि आंब्यावर हे जमत नाही, मणी तुटून येतात.

नक्षीचं निम्मं यश मात्र वस्तू लेथवर असतानाच ठरतं, म्हणून हे पण लिहितो. जिथे नक्षी यायची तिथे भिंत जाड ठेवा, काठावर खोल पन्हळी पाडायच्या असतील तर आठ-दहा मिलिमीटर. लेथ हळू फिरवत टूल रेस्टवर (पटाशी टेकवायच्या पट्टीवर) पेन्सिल टेकवून गोल रेषा आखून घ्या, म्हणजे वरची आणि खालची हद्द मिळते. मग लेथला इंडेक्सिंगची (सारख्या भागांवर फिरवून अडकवायची) सोय असेल, चोवीस भागांची असते बऱ्याच लेथला, तर त्यावरून उभ्या रेषा आखा. चोवीसात बारा, आठ, सहा, चार सगळं बसतं म्हणून पाकळ्यांचा आकडा यातलाच घ्या. नसेल तर कागदाची पट्टी वस्तूभोवती गुंडाळून, तिच्या घड्या घालून भाग पाडता येतात. वस्तू चकवरून काढायची घाई करू नका, लेथ बंद करून, प्लग काढून, तिथेच चकमध्ये पकडलेली असताना कोरलं तर दोन्ही हात मोकळे राहतात. करंडा उभ्या रेषांच्या लाकडाचा असतो त्यामुळे बाहेरची भिंत सगळीकडे सारखी कापते, पण झाकणाच्या माथ्यावर रेषांची टोकं येतात, तिथे बिट नवं आणि धारेचं लावा.

लाखकामावर नक्षीबद्दल थोडं. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी खेळणी आणि फळं आपण सगळ्यांनी बघितलीत, कर्नाटकात चन्नपट्टणला लेथवर लाकूड फिरत असताना लाखेची कांडी टेकवून रंग चढवतात आणि केवड्याच्या पानाने चमक आणतात. त्यावरून मला एकावर एक दोन रंगांची लाख चढवून वरचा थर कोरायचा आणि खालचा रंग उघडा पाडायचा असं काम करायला आवडतं. काळ्याखाली लाल, गडद हिरव्याखाली पिवळा. यासाठी मायक्रोमोटर चालतो पण अगदी कमी वेगावर, कारण लाख ७०-८० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागते आणि बिट वेगात फिरलं की तेवढी उष्णता क्षणात तयार होते, मग लाख बिटाला गुंडाळते आणि रेघेच्या कडेला गोळे चिकटतात. स्टीलचं नवं गोल बिट, जेमतेम फिरेल इतका वेग, आणि मध्ये मध्ये थांबून बिट पुसायचं. बारीक सरळ रेघांसाठी तर हाताने टोकदार सळईच बरी, तिथे मशीनचा आग्रह नको.

आता बाकीची मशीनं, ज्यांच्याबद्दल लोक विचारतात. आरपार जाळी करायची, जशी व्हिएतनाममधून अमेरिकेत गेलेले बिन्ह फो करायचे, त्यांच्या कामाचे फोटो जरूर बघा, तर त्याला दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा हवेवरचा टर्बाइन लागतो, तीन-चार लाख फेऱ्यांचा. जपानच्या एनएसके कंपनीचा प्रेस्टो ३,२०,००० फेऱ्यांचा आहे आणि त्याला तेल घालावं लागत नाही, म्हणून लाकडावर डाग पडत नाही. भिंत दोन मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर हे लोण्यासारखं कापतं. पण मशीन महाग, वर कॉम्प्रेसर पाहिजे. पहिल्या वर्षी याच्या मागे लागू नका. मायक्रोमोटरवर एक मिलिमीटरचं कार्बाइड बिट लावून दोन मिलिमीटरच्या भिंतीत साधी, मोठ्या भोकांची जाळी होते, कडा नंतर डायमंडने घासाव्या लागतात, वेळ जातो पण होते.

पुढे-मागे ठोके देणारं मशीन, ज्यात पटाशीचं पातं लावतात, जपानी ऑटोमॅक वगैरे, ते सपाट पॅनेल आणि मूर्तीसाठी छान. पातळ बाऊलच्या भिंतीवर त्याचे ठोके मला झेपत नाहीत, भिंत तडकायची भीती असते. चार इंची ग्राइंडरला कोरायची चकती लावून काम करणारे पण आहेत, ११,००० फेऱ्यांवर ती चकती फिरते, कातलेल्या छोट्या वस्तूला ते फारच जास्त होतं. आणि चेनसॉसारखे दाते असलेली चकती ग्राइंडरला लावून हातात धरलेल्या बाऊलजवळ नेऊच नका, ती अडकली की मशीन अंगावर येतं.

सुरक्षेबद्दल लांबण लावत नाही पण धुळीचं गांभीर्याने घ्या. या मशीनची धूळ लेथच्या भुशासारखी जाड नसते, पिठासारखी असते, हवेत तरंगत राहते आणि आपलं नाक कामापासून एक वीत अंतरावर असतं. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण होते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलंय. शिसवाच्या आणि सागवानाच्या धुळीने कित्येकांच्या अंगावर खाज उठते, पुरळ येतं. एन-९५ मास्क नीट बसवून लावा, रुमाल बांधून उपयोग नाही. व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप कामाच्या शेजारी बांधून ठेवला तर फार फरक पडतो. चष्मा हवाच, कारण बारीक बिट तुटलं की ते गोळीसारखं जातं. लांब आणि पातळ दांडीचं बिट पूर्ण वेगावर नेऊ नका, दांडी वाकते आणि चाबकासारखी फिरते. बिटाचं डोकं जितकं मोठं तितका वेग कमी, इतकं लक्षात ठेवलं तरी बरेच अपघात टळतात. लांब बाहीचा सैल शर्ट, गळ्यातला गोफ, मोकळे केस, फ्लेक्स शाफ्टच्या चकला यातलं काहीही पुरतं.

परदेशातून कुणी नातेवाईक मशीन आणणार असतील तर व्होल्टेज आधी विचारा. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्टचं असतं, इथल्या २३० वर लावलं की संपलं. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर मशीनच्या वॉटपेक्षा बराच मोठा घ्यावा लागतो आणि पॅडल, कंट्रोल बॉक्स, सगळं त्याच ट्रान्सफॉर्मरवरून चालवावं लागतं. फोरडम २३० व्होल्टचं मॉडेलही बनवते, आणायचंच तर ते मागवा.

दुकानात गेलात की हे करा. नवं, सरळ बिट मशीनला लावून कमी वेगावर फिरवायला सांगा आणि टोकाकडे उजेडात बघा, टोक एकच आणि स्वच्छ दिसलं तर कॉलेट चांगला, दोन टोकं असल्यासारखं धूसर दिसलं तर दुसरा पीस मागा. मग हाताला थरथर लागते का बघा, बेअरिंगचा चिरका आवाज येतोय का ऐका. कार्बन ब्रशची जोडी, एक जादा कॉलेट आणि फ्लेक्स शाफ्ट घेत असाल तर आतला सुटा शाफ्ट तेव्हाच घेऊन ठेवा, नंतर त्याच मापाचा शोधत फिरावं लागतं. कॉलेटचं माप जुळत नसेल तर आमच्या शिवाजी उद्यमनगरात असतात तसे लेथवाले छोटं बुश (मापाची बारीक नळी) कातून देतात, पण ते काम हजारो फेऱ्यांसाठी आहे हे त्यांना आधी सांगा, म्हणजे ते माप काटेकोर धरतात.

कुणाकडे यातलं एखादं मशीन असेल, खास करून स्ट्राँग वापरणारं कुणी असेल तर हँडपीसचे बेअरिंग किती टिकले आणि कुठे बदलून मिळाले ते जरूर लिहा, सर्व्हिसिंगची माहिती मराठीत एका जागी झाली तर खूप जणांची सोय होईल.